जिम बंद असताना महिन्याची फी भरत राहावी काय?

कापूसगाव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न दिसायला लहान आहे, पण आमच्या गावात दोन आठवड्यांपासून त्यावरून बरीच कटुता आली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात राहतो आणि एका कृषी केंद्रात हिशेब पाहतो. आमच्या गावात पाच वर्षांपासून एक जिम आहे. १९ मे रोजी संध्याकाळी वादळी पाऊस आला, त्यात जिमवरचे टिनाचे पत्रे उडाले, दोन्ही ट्रेडमिलच्या मोटारींत पाणी शिरले आणि मीटरची पेटी जळाली. आत त्या वेळी दहा-बारा मुले होती. कोणाला इजा झाली नाही हे फार मोठे नशीब. तेव्हापासून जिम बंद आहे. पत्रे आणून ठेवले आहेत, परंतु मृग लागल्यापासून मजूर पेरणीला गेले आणि वेल्डिंगवाल्याकडे वखर-तिफणीच्या कामांची रांग लागली, त्यामुळे दुरुस्ती पुढे सरकत नाही.

जिमवाल्या दादांनी ग्रुपवर कळवले आहे की दुरुस्ती होईपर्यंत सर्वांनी मासिक फी चालू ठेवावी, आणि ज्याचा खंड पडेल त्याला जिम उघडल्यावर ५०० रुपये प्रवेश फी पुन्हा भरावी लागेल.

आमच्या एकाच घरात या प्रश्नाची तीन रूपे आहेत. मी मागच्या नोव्हेंबरात, सीतादही (कापूस वेचणीआधीची पूजा) होऊन पहिल्या वेचणीचा कापूस विकला गेल्यावर, वर्षाचे ६,००० रुपये एकदम भरले होते. धाकटा भाऊ दरमहा ६०० रुपये रोख देतो. पुतण्याने मोबाइलवर ऑटोपे लावून ठेवले आहे, त्यामुळे जिमला कुलूप असताना जूनचे ६०० रुपये त्याच्या खात्यातून आपोआप गेले.

मला त्या माणसाचे नुकसान करायचे नाही. त्याने कर्ज काढून ही जागा उभी केली, तेव्हा आमच्या गावातल्या पोरांना व्यायामासाठी दारव्ह्याला जावे लागणे बंद झाले. पण जून महिना आमच्याकडे कसा असतो हे आपण सारे जाणता. २०२५ च्या हंगामासाठी सरकारने बीटी कपाशीच्या बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवली. म्हणजे बंद जिमची एका महिन्याची फी ही दोन तृतीयांश पाकिटाइतकी होते. भाऊ दुबार पेरणीच्या धास्तीत आहे आणि त्याच वेळी त्याच्याकडे न मिळालेल्या सेवेचे पैसे मागितले जात आहेत. अशा वेळी योग्य काय, हे अनुभवी लोकांकडून समजून घ्यायचे आहे.

निवृत्त मास्तर

धागाकर्ते भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या कराव्यात. पहिली गोष्ट आधीच भरलेल्या पैशांची आहे आणि दुसरी पुढे भरायच्या पैशांची.

तुम्ही नोव्हेंबरात जे ६,००० दिले ते ३६५ दिवसांच्या वापरासाठी दिले. त्यातले जितके दिवस जिम बंद राहील तितके दिवस तुमचे जिमवाल्याकडे येणे आहेत. त्यांनी ते दिवस पुढे वाढवून द्यावेत किंवा त्या दिवसांचे पैसे परत करावेत. यात उपकाराचा प्रश्न येत नाही. भावाच्या बाबतीत मात्र अजून काहीच देणे निर्माण झालेले नाही. त्याचा व्यवहार महिन्याचा आहे, आणि ज्या महिन्यात दार उघडले नाही त्या महिन्याची फी कोणत्या गोष्टीची? २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. गाड्या आगारात उभ्या असताना आमच्या गावातल्या एकाही विद्यार्थ्याने पुढच्या महिन्याचा पास काढला नाही, आणि त्यात कोणाला अन्याय दिसला नाही.

५०० रुपयांची प्रवेश फी पुन्हा लावण्याची अट मला सर्वांत जास्त खटकली. खंड सभासदाने पाडलेला नाही.

लोखंडी कांब

मी वाशिम जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी जिम चालवतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मास्तर काकांचे गणित सभासदाच्या बाजूने बरोबर आहे, परंतु जिमच्या खर्चाची रचना एसटीच्या पासासारखी नाही.

माझे आकडे उघडपणे सांगतो. जागेचे भाडे ९,००० रुपये, मुद्रा कर्जाचा हप्ता ११,५००, ट्रेनरचा पगार ९,०००, वीज सरासरी ५,५०० आणि झाडझूड करणाऱ्या मावशींचे २,०००, असा महिन्याला ३७,००० रुपये खर्च येतो. माझ्याकडे नियमित फी भरणारे ७० सभासद आहेत. ६०० रुपयांप्रमाणे ४२,००० जमा होतात. आता समजा जिम महिनाभर बंद राहिली, तर यातले वाचते काय? विजेचे फार तर ४,००० वाचतील, कारण बिलातला स्थिर आकार मीटर फिरो वा न फिरो द्यावाच लागतो. ट्रेनरला महिनाभर बसवून ठेवले आणि पगार दिला नाही तर तो यवतमाळ किंवा अमरावतीला निघून जातो, मग जिम उघडूनही उपयोग नसतो. हप्ता तर चुकवताच येत नाही. म्हणजे बंद जिमलाही महिन्याला ३३,००० रुपये लागतात.

टाळेबंदीत आम्ही हे भोगले आहे. मार्च २०२० मध्ये कुलूप लागले. केंद्राने ५ ऑगस्टपासून व्यायामशाळांना परवानगी दिली तरी आपल्या राज्यात दसऱ्याच्या दिवशी, २५ ऑक्टोबरला दारे उघडली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती, पण त्या काळातले व्याज चढतच राहिले. व्यापारी ग्राहकांच्या विजेचा स्थिर आकारही तीन बिलांपुरता पुढे गेला. पुढे गेला म्हणजे माफ झाला असे नव्हे. त्या सात महिन्यांत ११ सभासदांनी मला न मागता पैसे दिले. त्यांची नावे आजही माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत. त्या ११ जणांमुळे मी डंबेल विकले नाहीत.

तरीही मी हे मान्य करतो की दादांनी जी प्रवेश फीची धमकी दिली ती चुकीची आहे. मदत मागायची असेल तर मदत म्हणूनच मागावी लागते.

अर्जवाला

मी वकील नाही. तहसीलजवळ बसून लोकांचे अर्ज आणि तक्रारी लिहून देण्याचे काम करतो, त्यामुळे कायद्याचा भाग जितका रोज हाताळतो तितकाच सांगतो.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या ५६व्या कलमानुसार एखादी गोष्ट करणे नंतर अशक्य झाले तर करार निरर्थक ठरतो, आणि ६५व्या कलमानुसार अशा करारातून मिळालेला लाभ परत करावा लागतो. पण तात्पुरता अडथळा आला म्हणजे करार संपला, असे न्यायालये सहसा मानत नाहीत. सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगुर हा यातला मूळ निकाल आहे. कलकत्त्याच्या एका वसाहतीत भूखंड विकण्याचा तो करार होता आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने ती जमीन लष्करी कामासाठी ताब्यात घेतली होती. भूखंड विकणारी कंपनी म्हणत होती की करार संपला. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही, कारण अडथळा कायमचा नव्हता आणि कराराचा पाया त्यामुळे उखडला गेला नव्हता. आपल्या प्रश्नापुरता याचा अर्थ मी असा घेतो की वर्षाच्या सभासदत्वात दीड महिना बंद पडला तर सभासदत्व संपत नाही. ते चालू राहते, आणि म्हणूनच बंदचे दिवस भरून देण्याची जबाबदारीही चालू राहते.

ग्राहक म्हणूनही तुमची बाजू आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात पैसे घेऊन ठरलेली सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी ठरते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे शुल्क लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. आणि ती तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात करता येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे आधी फोन केला तर पुष्कळ वेळा तेवढ्यावरच काम होते. कराराची अटच एकतर्फी आहे, एवढाच मुद्दा घेऊन भांडायचे असेल तर मात्र जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. आपल्याकडील लोकांना त्यासाठी नागपूरच्या खंडपीठाची वाट धरावी लागते.

हे सारे सांगून झाल्यावर माझे खासगी मत असे आहे की या प्रकरणात तक्रार करू नये. यवतमाळला दोन फेऱ्या झाल्या की मजुरी बुडून जे जाईल ते वादातल्या रकमेपेक्षा जास्त असेल, आणि ज्याच्यावर तक्रार करायची तो तुमच्याच गावचा, कदाचित तुमच्याच सोयरिकीतला असेल. कायदा आपल्या बाजूने आहे हे माहीत असावे, म्हणजे बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

ऑटोपेबद्दल एक सूचना. अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेकडून संदेश यायला हवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पुतण्याने आलेले संदेश तपासावेत, आणि ज्या ॲपवरून ऑटोपे लावले त्याच ॲपमध्ये जाऊन ते थांबवावे किंवा रद्द करावे. जिमवाल्याची संमती त्यासाठी लागत नाही.

नदीकाठ

माझा अनुभव कडू आहे, पण सांगितलाच पाहिजे. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला, वैनगंगेच्या काठचा. टाळेबंदीत आमच्या इथल्या जिमवाल्यासाठी आम्ही तीस-बत्तीस जणांनी अर्धी फी चालू ठेवली होती. कोणी मागितली नव्हती, आम्हीच ठरवले होते. त्यानंतर ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी खाली आले, गोसीखुर्द धरणाचे ३३ ही दरवाजे उघडले गेले आणि आमच्या काठावरची गावे पाण्यात गेली. जिमच्या खोलीत छातीएवढे पाणी तीन दिवस होते. ते ओसरल्यावर बेंचच्या गाद्यांतून गाळ निघाला आणि पट्ट्याची यंत्रे भंगारात गेली.

जिमवाला भला माणूस होता. तो पुन्हा उभा राहू शकला नाही आणि सहा महिन्यांनी पुण्याकडे कामाला गेला. आम्ही पाच महिने जे दिले त्याची एक ओळही कुठे लिहिलेली नव्हती: ती उधारी होती, आगाऊ फी होती की मदत होती? काहींनी ते मदत म्हणून सोडून दिले. काहींना ते पैसे परत हवे होते आणि ते त्याच्या म्हाताऱ्या आईच्या दारात गेले. ते दृश्य मला विसरता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: द्यायचे तर अवश्य द्या, परंतु कशासाठी देत आहोत ते त्याच दिवशी पावतीवर लिहून घ्या. तात्पुरते बंद झालेले सगळेच पुन्हा उघडते असे नाही.

आर्वीची लेक

इथे आतापर्यंत पुरुषांनीच लिहिले आहे, म्हणून एक बाजू राहून गेली आहे. आमच्या जिममध्ये सकाळी साडेदहा ते बारा ही फक्त बायकांची वेळ आहे. त्या वेळेत आम्ही २२ जणी येतो. ही वेळ मिळवायला आम्हाला दीड वर्ष लागले. जिमवाले काका आधी म्हणत होते की पंधरा जणी जमल्या तरच ट्रेनर ताईंना बोलावणे परवडेल, आणि पंधरा जणी जमवण्यासाठी मी स्वतः घरोघरी जाऊन सासूबाईंशी बोलले आहे.

मागच्या वर्षी आमच्याकडे डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाल्यामुळे जिम २० दिवस बंद होती. तेव्हा आमच्यातल्या काही जणींनी फी थांबवली, आणि त्यात चूक काहीच नव्हती. पण जिम उघडल्यावर त्यातल्या सहा जणी परत आल्या नाहीत. पैशांचा प्रश्न नव्हता. बाईने घराबाहेर स्वतःसाठी काढलेला दीड तास एकदा मोडला की त्या वेळेत घरातली दुसरी कामे येऊन बसतात, आणि मग पुन्हा परवानगीपासून सुरुवात करावी लागते. आम्ही पंधराच्या जवळ आलो तेव्हा काकांनी बायकांची वेळ बंद करण्याचा विषय काढला होता.

त्या २० दिवसांची फी मी पूर्ण भरली होती. मी ती व्यायामाची फी मानली नाही, आमची वेळ राखून ठेवण्याचे पैसे मानले. मास्तर काका म्हणतात तसा हिशेब केला तर मी ते देणे लागत नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरीही पुन्हा तसा प्रसंग आला तर मी भरीन. मात्र दुसऱ्या कोणत्याही ताईने भरले नाही म्हणून तिला पुन्हा प्रवेश फी लावली, तर मी त्या जिममध्ये पाय ठेवणार नाही.

निवृत्त मास्तर

ताई, तुमचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी फक्त वापराचा हिशेब धरला होता. जागा राखण्याचीही किंमत असते हे मान्य करतो.

मैदानी चाचणी

मी भरतीची तयारी करणारा मुलगा आहे, वय २२. वडील सालदार आहेत. सर्वजण म्हणत आहेत की बंदचे दिवस पुढे वाढवून द्यावेत. हे ऐकायला न्याय्य वाटते, पण माझ्यासारख्यांना ते लागू पडत नाही.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत आम्हाला १,६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि ७.२६० किलोच्या गोळाफेकीचे १५ असे ५० गुण असतात. धावणे मी पांदण रस्त्यावर करतो, त्याला जिम लागत नाही. गोळ्यासाठी खांदा आणि मांडी तयार करायला लागते, म्हणून मी मजुरी करून तीन महिन्यांचे १,५०० रुपये भरले होते. त्यातला सव्वा महिना जिम बंद राहिली. हे दिवस मला चाचणी होऊन गेल्यावर मिळाले तर मी त्यांचे काय करू? निवड झाली तर मी प्रशिक्षणाला जाईन, नाही झाली तर कापूस वेचणीच्या कामाला जाईन. ज्याला दिवस हवेत त्याला दिवस द्यावेत आणि ज्याला पैसे हवेत त्याला पैसे द्यावेत, एवढेच मला सांगायचे आहे. आणि ते मागण्यासाठी आम्हाला चारचौघांत हात पसरावा लागू नये.

लोखंडी कांब

दादा, तुझे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. माझ्याकडेही भरतीची मुले येतात आणि आजवर मी सर्वांना दिवसच वाढवून देत आलो. यापुढे विचारून देईन.

एक गोष्ट मात्र इथे मांडतो, कारण ती मला बरेच दिवस सलते आहे. ३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या खासगी शाळांच्या प्रकरणात असे ठरवले की टाळेबंदीत वर्ग बंद असल्यामुळे शाळांचा जो खर्च वाचला तो पालकांना मिळाला पाहिजे, म्हणून २०२०-२१ या वर्षाच्या फीमध्ये १५ टक्के कपात करावी. पुढे ऑगस्टमध्ये आपल्या राज्यानेही १५ टक्के कपातीचा आदेश काढला. म्हणजे वाचलेला खर्च परत करायचा आणि न वाचलेला पालकांनी सोसायचा, असे ते सूत्र आहे. माझ्या वरच्या आकड्यांत ४२,००० मागे ४,००० वाचतात, म्हणजे साधारण दहा टक्के. शाळांना लागू होणारे सूत्र जिमला का लागू होऊ नये?

अर्जवाला

भाऊ, फरक असा आहे की शाळांनी त्या वर्षात मोबाइलवरून का होईना शिकवले, मुले परीक्षेला बसली आणि वरच्या वर्गात गेली. सेवा कमी झाली होती, थांबली नव्हती. कुलूप लावलेल्या जिममध्ये देण्यासारखे काहीच उरत नाही. तुमची तुलना खर्चाच्या बाजूने बरोबर आहे, सेवेच्या बाजूने टिकत नाही. जिमच्या जवळचे उदाहरण विमानांच्या तिकिटांचे आहे. उडालीच नाहीत त्या विमानांच्या पैशांबद्दल ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परताव्याची व्यवस्था मान्य केली. अडचणीतल्या कंपन्यांना रक्कम ग्राहकाच्या नावे जमा ठेवून ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरू देण्याची मुभा मिळाली, पण त्यानंतर उरलेले पैसे परत करायचे होते. आधी जमा, ठराविक मुदत, नंतर परतावा: हीच पद्धत आपल्या गावच्या जिमला शोभेल असे मला वाटते.

लोखंडी कांब

हे पटले. मुदत ठरलेली असेल तर मलाही सोपे जाईल.

मोर्शीकडचा

चर्चा वाचली. आमच्या अमरावती भागात व्यायामाची परंपरा फीवर उभी राहिलेली नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. आमच्या गावचा आखाडाही वर्गणीवर चालायचा. माती भिजली की चार दिवस बंद, कोणी हिशेब मागितला नाही. पण त्याचे कारण असे होते की तो आखाडा गावाचा होता. इथे जिम एका माणसाची आहे, तिचा नफा त्याचा आहे, तर तिचा तोटा गावाने का घ्यावा, हा प्रश्न धागाकर्त्यांच्या भावाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. गावाने तोटा वाटून घ्यायचा असेल तर हिशेबही गावाला दाखवला गेला पाहिजे, जसा वरच्या भाऊंनी इथे दाखवला.

कापूसगाव (धागाकर्ता)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मध्ये काही दिवस लिहिता आले नाही, कारण घडामोडी चालू होत्या. त्या आता सांगतो.

नदीकाठ भाऊंचा प्रतिसाद मी छापून घेऊन जिमवाल्या दादांना वाचायला दिला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी स्वतःच मारुतीच्या पारावर बैठक बोलावली. चाळीसेक लोक आले. मी दादांना आधीच विनंती केली होती की लोखंडी कांब भाऊंप्रमाणे खर्चाचे आकडे सांगावेत, आणि त्यांनी वही आणली होती. बँकेचा हप्ता, भाडे आणि पत्र्यांचे बिल वाचून दाखवल्यावर ग्रुपवर जे लोक चिडून लिहीत होते त्यांतले निम्मे शांत झाले. माझा भाऊ मात्र शांत झाला नाही. तो म्हणाला, “दादा, तुमचं नुकसान मला दिसते, पण माझ्या वावरात बियाणं उगवलं नाही तेव्हा तुम्ही मला पैसे दिले काय?” पारावर सारे गप्प झाले. मला वाटते, बैठकीतले सर्वांत खरे वाक्य तेच होते, आणि दादांनीही त्यावर वाद घातला नाही.

जिम ६ जुलैला उघडली. म्हणजे १९ मे ते ५ जुलै असे ४८ दिवस ती बंद होती. जे ठरले ते असे आहे. मासिक सभासदांकडून बंदच्या काळाची फी घेतली जाणार नाही आणि कोणालाही पुन्हा प्रवेश फी लागणार नाही. वार्षिक आणि तिमाही सभासदांना ४८ दिवस वाढवून मिळतील. ज्याला दिवस नको असतील त्याला पैसे मिळतील. माझ्या बाबतीत ६,००० भागिले ३६५ म्हणजे दिवसाला १६ रुपये ४४ पैसे, आणि ४८ दिवसांचे सुमारे ७८९ रुपये होतात. मी दिवस घेतले. भरतीच्या सात मुलांनी पैसे घेतले. मैदानी चाचणी दादा, तुझा मुद्दा बैठकीत मी मांडला. जिमवाल्या दादांनी त्या मुलांना ग्रुपवर न लिहिता एकेकाला फोन करून पैसे दिले. पुतण्याचे ६०० रुपये जुलैच्या फीत वळते झाले आणि त्याने ऑटोपे बंद केले.

याशिवाय २६ जणांनी आपल्या इच्छेने प्रत्येकी २०० रुपये दिले. त्यांच्या पावतीवर ‘दिवाळीनंतरच्या फीत वळते करावयाची आगाऊ रक्कम, जिम बंद झाल्यास ३१ डिसेंबरपर्यंत परत’ असे लिहिले आहे. अर्जवाला भाऊंनी सुचवलेली मुदत यातूनच आली. आर्वीच्या ताईंसारख्या दोन ताई आमच्याकडेही निघाल्या, त्यांनी पूर्ण फी दिली आणि पावतीवर काही लिहून घ्यायला नकार दिला.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. ट्रेनरला जूनचा अर्धाच पगार मिळाला आहे आणि उरलेला केव्हा मिळेल हे ठरलेले नाही. चार मुले दारव्ह्याच्या जिमला जायला लागली, ती परत आलेली नाहीत. भावाने अजून फी भरलेली नाही. तो म्हणतो, निंदणाचा खर्च आटोपला की येईन.

आता दादांना पावतीपुस्तकाच्या मागे छापण्यासाठी एक नियम हवा आहे, म्हणजे पुढच्या वेळी वाद होणार नाही. मी असा मसुदा केला आहे: “जिम सलग तीन दिवसांपेक्षा अधिक बंद राहिल्यास बंदचे सर्व दिवस सभासदाच्या मुदतीत वाढवले जातील. सलग १५ दिवसांपेक्षा अधिक बंद राहिल्यास सभासदाला दिवसांऐवजी पैसे मागता येतील व ते ३० दिवसांत दिले जातील. बंदच्या काळात फी देय राहणार नाही. बंदमुळे पडलेला खंड हा खंड धरला जाणार नाही.” यात काही राहिले आहे काय?

आर्वीची लेक

भाऊ, एक ओळ जोडा: “बंदनंतर पहिले दोन महिने सभासदसंख्या कमी झाली तरी महिलांची राखीव वेळ रद्द केली जाणार नाही.”

लोखंडी कांब

तीन दिवसांची मर्यादा योग्य आहे. एखाद-दोन दिवस वीज जाणे, पोळा आणि किरकोळ दुरुस्ती त्यात बसते. ३० दिवसांत परतावा मात्र लहान जिमला जड जाईल, विशेषतः जून ते सप्टेंबरात, जेव्हा नवीन फी जवळजवळ येतच नाही. तिथे ६० दिवस लिहा, आणि भरतीच्या मुलांसाठी १५ दिवस. ताईंची ओळ मी माझ्या पावतीपुस्तकातही छापून घेतो.

कापूसगाव (धागाकर्ता)

दोन्ही सूचना घेतल्या. उद्या बाजाराचा दिवस आहे, दारव्ह्याला जाणारच आहे. मसुदा छपाईला देऊन येतो.